हजेरीबुकातली फुली

१६ ऑक्टोबर १९५६. चंद्रपूरच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा दिली. दरवर्षी आपण जमतो, भाषणं ऐकतो, निळे झेंडे लावतो. पण त्या दिवशी मंचावर आलेला माणूस किती आजारी होता हे भाषणात फारसं कुणी सांगत नाही. मधुमेहानं शरीर पोखरलेलं. पाय साथ देत नव्हते, आधाराशिवाय चालणं कठीण. त्यानंतर ५१ दिवसांनी ते गेले.

म्हंजे शेकडो पिढ्यांचं जू मानेवरून उतरवायचं काम एका दीर्घ आजारी माणसानं केलं. आता दोस्तांनो, विचार करा. हाच माणूस आपल्याकडच्या एखाद्या ठेकेदाराच्या मस्टरवर असता, तर त्याला कधीच घरी बसवलं असतं. 'याच्यानं काम होत नाही' एवढंच म्हणून. त्या मस्टरचा इतिहास आपण शिकत नाही. तो शिकला पाहिजे, कारण आपल्या वस्तीतली कितीतरी घरं त्यानंच बसलीत.

आपल्या दोन जिल्ह्यांत पोट भरायच्या जागा मोजक्या. कोळशाची खाण, सिमेंटचे कारखाने, वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, राईस मिल, लाकडाचे डेपो, बांबूची तोड आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची फळी. यातल्या बहुतेक ठिकाणी 'तू आजारी आहेस म्हणून काढतो' असं कुणी कागदावर लिहून देत नाही. आधी हजेरीबुकात एक फुली पडते. चार दिवस अंगदुखीनं पडून राहिलं की चार फुल्या. पाचव्या दिवशी माणूस लंगडत कामावर जातो तर मुकादम म्हणतो, "काहून नाही आला बे चार दिवस? रोजचेच नाटकं हायेत तुये." मग कधीतरी नाव कापलं जातं. आजार खोडून त्याच्या जागी गैरहजेरी लिहायची, ही माणूस काढायची सगळ्यात स्वस्त रीत.

आजारी माणसाला कामावरून हाकलणं कायद्यातच कसं बसवलं होतं, ते बघायचं तर १८९८ सालात जावं लागेल. त्या वर्षी इंग्रज सरकारनं लेपर्स ॲक्ट केला. तो ज्या भागात लागू होईल तिथं कुष्ठरोग्यानं विकण्यासाठी खाद्यपदार्थ बनवायचे नाहीत, भाड्याची गाडी हाकायची नाही. आणि स्थानिक संस्थेनं मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरी-तळ्यावर पाणी घ्यायचं नाही. वाचताना महाड आठवलं ना? एकाला जातीसाठी पाण्यावरून हाकललं, दुसऱ्याला रोगासाठी. आणि पाण्यावरून हाकललेल्या माणसाला काम कोण देणार?

आपल्या जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९५१ साली आनंदवन उभं राहिलं. ज्यांना गावानं 'बिनकामाचे' ठरवून टाकलं होतं त्यांनीच तिथं विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालवले. म्हंजे हात काम करू शकत होते, काम द्यायला कुणी तयार नव्हतं. कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होऊ लागल्याला कित्येक वर्षं झाली, तरी १८९८ चा तो कायदा संसदेनं रद्द केला २०१६ साली. एवढा वेळ एक खोटी समजूत कायद्याच्या पुस्तकात पगारी नोकरासारखी बसून होती.

आता बाबासाहेबांच्या कामाकडे येऊ. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आपल्या भाषणात या चार वर्षांना चार ओळी मिळतात. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरून कामगार कसा राबतो ते बघून आले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याआधी १९४३ मध्येच त्यांच्या खात्यानं प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला सांगितलं होतं. १९४४ मध्ये तो अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तोवर बाबासाहेब त्या खात्यात नव्हते, पण पाया त्यांच्या काळातला.

या कायद्याचं ७३ वं कलम पाठ करण्यासारखं होतं. कामगार आजारपणाचा भत्ता घेत असेल, त्याच्यावर उपचार चालू असतील, किंवा दाखला देऊन आजारपणात घरी असेल, तर त्या काळात मालकानं त्याला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही. काढायची नोटीस दिली तर ती नोटीसच बेकायदा. आजारी माणसाची जागा राखून ठेवा, असं सरकारनं मालकाला बजावलं.

पण हे कलम कुठपर्यंत पोचलं? १९४८ च्या कायद्यानं कुंपण घातलं होतं. विजेवर किंवा यंत्रशक्तीवर चालणारा, २० किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आत. खाणी बाहेर. हंगामी कारखाने बाहेर. जंगलातली तोड, तेंदूची फळी, ही तर कारखान्यांत धरलेलीच नाहीत. आता या कुंपणावर चंद्रपूर-गडचिरोलीचा नकाशा ठेवून बघा. आपली बहुतेक माणसं कुठं पडतात ते सांगायची गरज नाही.

दुसरं हत्यार १९४६ चं. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा झाला. त्याआधी नोकरीच्या अटी मालकाच्या तोंडात असत. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. या कायद्यानं सांगितलं की १०० किंवा जास्त कामगार असतील तिथं रजा, हजेरी, गैरवर्तन, शिक्षा सगळं लिहून काढा आणि कामगारांना समजेल अशा भाषेत दाराशी लावा. त्या नमुना नियमांत दोन गोष्टी शेजारी-शेजारी होत्या. एक, रजेशिवाय सलग १० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणं म्हणजे गैरवर्तन. दोन, गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोप लेखी द्या आणि माणसाचं म्हणणं ऐकून घ्या. मालकांनी पहिली ओळ डोक्यात ठेवली आणि दुसरी सोयीनं विसरले.

१९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीची भरपाई आली. एका महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. चांगली गोष्ट. पण छाटणीची व्याख्या करताना एक अपवाद घातला: सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवली तर ती छाटणी नव्हे. हिशेब करा. बारा वर्षं राबलेल्या धडधाकट माणसाला कमी केलं तर १८० दिवसांचा पगार. बारा वर्षं राबून फुप्फुस गमावलेल्या माणसाला कमी केलं तर या खात्यातून शून्य. ज्याला पैशाची जास्त गरज त्यालाच वगळलं. तेव्हा आजार लिहिला तर भरपाई बुडे, गैरहजेरी लिहिली तर नोकरी जाऊन वर गुन्हेगाराचा शिक्का बसे.

याच दशकात आणखी एक गोष्ट झाली, ती थेट आपल्या रक्ताची. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापली. नागपूरकडच्या महार समाजात हा दोष आढळला होता. पुढं विदर्भातल्या गोंड, माडिया, परधान या आदिवासींतही तो मोठ्या प्रमाणात दिसला. हा कुणाच्या कर्माचा भोग नाही आणि 'खराब रक्त' तर मुळीच नाही. जिथं मलेरिया पिढ्यानपिढ्या होता तिथं हा गुण टिकला, कारण एकाच पालकाकडून तो मिळालेल्या माणसाला मलेरियाशी झुंजायला बळ मिळतं. तो वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता की मूल आजार घेऊन येईल.

आणि या आजाराची रीत अशी की मुकादमाला तो दिसतच नाही. आज माणूस पोतं उचलतो, उद्या हाडंसांधे असे ठणकतात की उठता येत नाही. ऊन, तहान, अति श्रम, थंडी यांनी दुखणं उसळतं. मे महिन्यातल्या चंद्रपुरात उन्हात काम करणाऱ्याला यातलं काय चुकतं? चार दिवसांनी तो पुन्हा उभा राहतो, म्हणून सगळे म्हणतात नाटक करतो. आयुष्यभराचा आजार, पण हजेरीबुकात त्याचं रूप एकच: मधूनमधून पडलेल्या फुल्या.

न्यायालयांनी या फुलीला नंतर काही ठिकाणी अडवलं. १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आठ दिवस गैरहजर म्हणून आपोआप नाव कापता येणार नाही. चौकशी करा, म्हणणं ऐका. पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो. त्या कामगाराला पुन्हा कामावर घेतलं आणि मागचा अर्धा पगार मिळाला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका रोजंदारी कामगाराचा खटला आला. सार्वजनिक महामंडळानं त्याची तपासणी केली, एचआयव्ही निघाला आणि यादीतून नाव उडवलं. न्यायालयानं त्याचं नाव गुप्त ठेवलं आणि निकाल दिला की जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला निव्वळ रोगाच्या नावानं हाकलता येणार नाही. २०१२ मध्ये कृष्णकांत परमार खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की गैरहजेरी जाणूनबुजून केलेली असेल तरच ती गैरवर्तन. आजारपणानं बांधून ठेवलेला माणूस गुन्हेगार नसतो.

संसदेतही यादी हळूहळू वाढली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढायला बंदी केली. कुष्ठरोगातून बरे झालेले त्या यादीत होते, सिकलसेल नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आलं. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागा ज्या गटांना दिल्या, त्यात रक्ताचे आजार धरले नाहीत. यादीत नाव, जागेत नाही. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते की नाही? २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीवाल्या माणसाशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असं ठरलं. तपासणी हवीच. पण १९९७ चा खटला विसरू नका: तिथंही आधी तपासणी झाली आणि मग नाव उडालं. हातात कार्ड आलं आणि नोकरीला संरक्षण नसलं, तर ते कार्ड दुसरा जातीचा दाखला होईल.

लढून काय मिळतं तेही आपल्याच जिल्ह्यात दिसतं. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढं युनियननी केलेल्या राष्ट्रीय वेतन करारात एक कलम आलं: कामगार कायमचा निकामी झाला तर त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी. 'मेडिकल अनफिट' हा शब्द खाणीच्या कॉलनीत लहान पोरालाही माहीत आहे तो यामुळे. आजाराला तिथं किंमत आहे, कारण ती भांडून लिहून घेतली. त्याच खाणीत ठेकेदाराकडे राबणाऱ्याला मात्र हा करार लागत नाही. कोळसा एक, धूळ एक, मस्टर दोन.

आणि आता मैदान पुन्हा बदललंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे जाऊन चार नव्या संहिता आल्या. स्टँडिंग ऑर्डर्सची १०० कामगारांची रेषा नव्या संहितेत ३०० वर गेली. बाबासाहेबांच्या काळात मालकाला नियम लिहून दाराशी लावायला लावले, ते दार आता पुष्कळ कामगारांसाठी पुन्हा कोरं होणार.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीत कुणी आजारी पडला की फुली पडायच्या आधी कागद पोचला पाहिजे. आजारपणाचा अर्ज पहिल्याच दिवशी लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुकादम सही देत नसेल तर पोस्टानं पाठवा, पावती जपा. सरकारी दवाखान्याचा केसपेपर फेकू नका, त्यावरची तारीख हीच आपली साक्षीदार. नाव कापलं तर आरोपपत्र मागा, चौकशी मागा, लेखी मागा. अपंगत्व येऊन नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. १९७२ च्या कायद्यात तसं होतं, नव्या संहितेतही आहे. सिकलसेलच्या माणसाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून काढून घ्या. आणि तेंदूच्या फळीवर, बांबूच्या तोडीवर, ठेकेदाराच्या मस्टरवर जिथं कुठलाच नियम दाराशी लावलेला नाही, तिथं एकट्यानं अर्ज करून भागणार नाही. तिथं हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठेकेदाराकडून लिहून घ्यायचं: दुखण्यानं पडलेल्याचं नाव कापायचं नाही.

शाळेच्या दाखल्यात, गावच्या कागदात आपल्या नावापुढे काय लिहायचं हे पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं. ते आपण बदलायला लावलं. हजेरीबुकही एक कागदच आहे.