आग आधी, गुरे मागून

अमेरिकेत कॅन्ससपासून ओक्लाहोमाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेल्या फ्लिंट हिल्समध्ये थोडे खणले की चुनखडक आणि गारगोटी लागते. तिथे नांगर चालला नाही, म्हणून माणसाच्या डोक्यापर्यंत वाढणारे देशी गवत टिकले. इतरत्र अशा उंच गवताच्या माळांवर मका आणि सोयाबीन आले. मूळ माळांपैकी चार टक्क्यांहूनही कमी आज शिल्लक आहेत, आणि त्यांतले बहुतेक इथेच आहेत. मांसासाठी पाळलेली गुरे त्यांवर चरतात.

या गवताचे डोळे जमिनीलगत आणि जमिनीखाली असतात. वणव्यात वाळलेली पात जळते, पण डोळे वाचतात आणि राखेतून कोवळा, कसदार फुटवा येतो. ओसेज आणि कॉ या मूळ रहिवाशांना हे पक्के ठाऊक होते. ते माळ पेटवत आणि नव्या हिरवळीवर बायसनचे कळप येत.

1870 च्या दशकात या लोकांना कॅन्ससमधून हुसकावले गेले आणि बायसनही शिकारीत संपले. पुढे रेल्वेने टेक्सासची गुरे उन्हाळी चराईला येऊ लागली. जळलेल्या कुरणात गोऱ्ह्यांचे वजन चांगले वाढते, हे पाहून पशुपालकांनी आगीची रीत राखली. मात्र पुष्कळ जण दर वसंतात सगळेच कुरण एकदम जाळू लागले. परिणामी गवताची उंची सगळीकडे सारखी झाली आणि जुन्या दाट गवतात घरटे करणाऱ्या प्रेअरी कोंबडीला आडोसा उरला नाही.

ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातले सॅम फ्युलेनडॉर्फ आणि डेव्हिड एंगल यांनी 2001 मध्ये आगीमागे कळप येण्याच्या जुन्या क्रमाकडे परतण्याची मांडणी केली. त्यातून रुजलेल्या पद्धतीत कुरणाचा साधारण तिसरा हिस्सा एका वर्षी जाळतात आणि मधे कुंपण घालत नाहीत. गुरे आपणहून ताज्या फुटव्यावर जमतात. उरलेल्या भागाला विसावा मिळतो, तिथे गवत वाढते आणि पुढच्या आगीला जळण साठते. आखूड, मध्यम आणि उंच गवत एकाच कुरणात नांदते. प्रत्येक पक्ष्याला आपल्या सोयीची जागा मिळते. माळ गिळणारे सीडरचे झाडही आगीने आटोक्यात राहते.

विद्यापीठाने या पद्धतीला शास्त्राचा आधार दिला. पण तिची कुळकथा सांगताना पहिले नाव ओसेज आणि कॉ लोकांचेच घेतले पाहिजे.