मायलेजचा आकडा कसा वाचायचा?

संशोधनाच्या तयारीला लागलात की पहिला धडा मिळतो तो साधनचिकित्सेचा. कागद कोणी केला, कधी, कशासाठी? हाच धडा आज जरा वेगळ्या साधनावर लावून बघू.

समजा, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावातलं एक कुटुंब रोजच्या वापरासाठी हायब्रिड गाडी बघतंय. २०२२ साली आलेल्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी कंपनीने आकडा दिला होता लिटरला २७.९७ किमी. असल्या आकड्याला आपण सरसकट ‘एआरएआय मायलेज’ म्हणतो, पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावावरून. पण हा आकडा येतो कुठून?

रस्त्यावरून नाही, प्रयोगशाळेतून. तिथे गाडी रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या चक्राप्रमाणे चालवतात. जुनं भारतीय चक्र १०८ सेकंदांचं होतं आणि त्यातला सर्वाधिक वेग ताशी ४२ किमी. म्हणजे तेव्हाच्या शहरातली रखडत चालणारी वाहतूकच त्यात उतरली होती. २०००च्या सुमारास युरोपच्या चक्रावर बेतलेलं सुधारित चक्र आलं. ते ११८० सेकंदांचं. तिकडचा ताशी १२० चा कमाल वेग इथे ९० वर आणलेला. चढ नाही, एसी बंद. दोन गाड्यांची सारख्या अटींवर तुलना करायला हे ठीकच आहे. पण ‘आमच्या रस्त्यावर किती देईल?’ हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नाही.

आता नाट्याचा रस्ता बघा. सड्यावर चढायचं, खाडीकडे उतरायचं, वळणं भरपूर, सिग्नल नाहीत. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ऊर्जा हायब्रिड गाडी बॅटरीत साठवते, म्हणून शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात तिचा फायदा जास्त. उतारावरही ती वीज मिळवते, पण चढाला खर्च झालेलं सगळं परत येत नाही. शिवाय बॅटरी लहान. ती भरली की उरलेला उतार फुकट!

मग हिशेब कसा करायचा? गृहीत धरा: पेट्रोल गाडी १६ देते, हायब्रिड २२, पेट्रोल १०० रुपये आणि किमतीतला फरक २ लाख. वर्षाला १०,००० किमी चालवलं तर साधारण १७,००० रुपये वाचतात. फरक भरून निघायला जवळजवळ १२ वर्षं. ३०,००० किमी चालवलं तर तेच काम चार वर्षांत. गाडी तीच, रस्ता तोच, उत्तर मात्र पार वेगळं.

म्हणून त्या कुटुंबाने आधी स्वतःची वही काढावी. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा पूर्ण भरताना लिटर लिहायचे. माणसं किती होती, एसी चालू होता का, पाऊस होता का, तेही. निदान तीन महिने. शोरूममधल्या आकड्याच्या शेजारी ही वही ठेवली की दुसरं साधन हाती येतं.

तुमच्या विषयातही असे आकडे भेटतील: जनगणनेचे, पिकांच्या आणेवारीचे, शाळेच्या पटाचे. ते खरे की खोटे, हे नंतर. आधी विचारा, ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तयार झाले?