वेताची बैठक

पेशव्यांशी १७७९ साली झालेल्या तहान्वये १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. सागाच्या वनांचा हा मुलूख. सिल्वासा त्याचे ठाणे झाले. त्या अमदानीतील खुर्च्या व कोच पाहावेत, तर घाट युरोपीय, लाकूड सागवानी वा शिसवी आणि बैठक बहुधा वेताची. ही केवळ शोभा नव्हे. कातडी किंवा मखमली गादी या पट्टीच्या पावसाळ्यात बुरसते. वेताच्या जाळीतून वारा खेळतो. सतराव्या शतकात तर पूर्वेची ही जाळी खुद्द इंग्लंडातही रुजली!

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. सत्ता गेली, बैठकीची रीत उरली. मात्र विणकर दुर्मिळ झाल्याने जाळीच्या जागी फोम ठोकला जातो. अशी गादी उचलून चौकटीच्या कडेला बारीक छिद्रांची रांग दिसली, तर ती खुर्ची मूळची वेताचीच समजावी.