शेवटची वाफ कुणाची?

जंगल तोडून नवी वस्ती करणारं फिनलंडमधलं कुटुंब पुष्कळदा आधी घर बांधत नसे, आधी सौना बांधत असे. ओंडके रचून केलेल्या त्या एका खोलीतच माणसं राहत, रांधत, निजत. मोठं घर उभं राहिलं की तिथे मुक्काम हलवायचा आणि ही खोली मग अंघोळीला उरायची. सौनाच्या आरोग्यगुणांविषयी आज जे बोललं जातं, त्याचं मूळ शोधायला या खोलीपासून निघावं लागतं. ती औषधाची खोली नव्हती, घरातली सगळ्यात जुनी खोली होती. तिची ताकद याच जुनेपणात आहे, असं मला हा सगळा मागोवा घेताना सारखं वाटत राहिलं.

‘सौना’ हा शब्द फिनिश आहे आणि फार जुना आहे. उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषेत त्याचा नातलग शब्द बर्फात खणलेल्या खड्ड्यासाठी वापरतात. त्यावरून अभ्यासक सांगतात की सौनाचा पूर्वज जमिनीत किंवा उतारावर खणलेला, वरून झाकलेला खड्डा असावा. आत चूल, चुलीवर दगड. थंडीपासून जीव वाचवायचा निवारा आणि घाम काढायची जागा तेव्हा वेगळी नव्हती.

दुसरा शब्द याहून बोलका आहे. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ उठते तिला ‘लोय्लू’ म्हणतात. हंगेरियन ही फिनिशची दूरची बहीण. तिच्यात याच मुळाचा शब्द ‘लेलेक’ आहे आणि त्याचा अर्थ आत्मा. लोय्लूचाही मूळ अर्थ श्वास, प्राण असाच होता. आपण ‘प्राण’ म्हणताना श्वास आणि जीव एकाच शब्दात धरतो, तसंच त्यांनी दगडातून उठणाऱ्या वाफेला जीव मानलं. मग त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही, भांडायचं नाही, देवळात वागावं तसं वागायचं, हा संस्कार आपोआप आला. चर्चमध्ये असल्यासारखं सौनात असावं, ही तिथली म्हण मुलांना आजही ऐकवली जाते.

सगळ्यांत जुना प्रकार ‘सावुसौना’, म्हणजे धुराची सौना. तिला धुराडं नसतं. दगडांच्या मोठ्या ढिगाखाली कित्येक तास लाकडं जाळायची, धूर खोलीतच फिरू द्यायचा आणि छताजवळच्या झडपेतून, दारातून हळूहळू बाहेर जाऊ द्यायचा. विस्तव पूर्ण विझला, धूर निघून गेला, दगडांवर पहिलं पाणी टाकून उरलीसुरली राख उडवली, की मगच आत जायचं. भिंती काजळीने काळ्याकुट्ट होतात, पण ती ऊब मऊ असते आणि रात्रीपर्यंत टिकते. खेड्यातल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा ही खोली स्वच्छ असे, कारण धूर आणि उष्णता तिथे जंतू फारसे तगू देत नसत. गरम पाणीही हाताशी असायचं. म्हणून बाळंतपणं तिथे व्हायची, आणि ही रीत विसाव्या शतकातही सुरू होती. आपल्याकडची शेकशेगडीची, ओवा-शेपांच्या धुरीची बाळंतिणीची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही. त्याच खोलीत तुंबड्या लावून रक्त काढत, माल्ट वाळवत, जवसाचे धागे सुकवत, मांस धुरवत, आणि घरातलं कुणी गेलं की त्याला शेवटची अंघोळही तिथेच घालत. माणूस जिथे जन्मला तिथूनच निघायचा.

१८४९ सालच्या ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यात रोगांचा जन्म आणि रोगांवरचा इलाज एकाच प्रकरणात येतो. पंचेचाळिसाव्या गीतात शत्रूच्या प्रदेशातून रोग सोडले जातात, तेव्हा वृद्ध नायक वायनामोयनेन सौना तापवतो आणि तिथेच लोकांना बरं करतो. सौना, दारू आणि डांबर यांनीही बरं वाटत नसेल तर दुखणं जीव घेणारच, अशी म्हणही याच मुलखातली. डॉक्टर दूर होते. जवळ होतं ते एवढंच.

वाफेच्या खोल्या एकट्या फिनलंडमध्येच नव्हत्या. बाराव्या शतकाच्या आरंभी किएवमध्ये लिहिल्या गेलेल्या बखरीत, नोव्हगोरोडच्या लोकांना लाकडी न्हाणीघरात स्वतःला डहाळ्यांनी झोडपताना पाहून थक्क झालेल्या एका संताची कथा आहे. आपल्याकडे तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय संपूर्णपणे स्वेदनाला दिलेला आहे. त्यातल्या तेरा प्रकारांपैकी ‘जेन्ताक स्वेद’ वाचला की डोळ्यांपुढे सौना उभी राहते. पाण्याकाठची, मातीने लिंपलेली गोल खोली, झरोके, भिंतीलगत बसा-निजायचा ओटा आणि मधोमध भोकं असलेली उंच भट्टी. खैराची लाकडं जळून धूर गेला की अंगाला तेल लावलेल्या माणसाने आत यायचं. या दोहोंत वंशाचं नातं नाही. पण धूर जाईपर्यंत थांबायचं हे शहाणपण दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलं. फरक बाहेर पडल्यावरचा. चरक सांगतो, डोळ्यांच्या रक्षणासाठी लगेच गार पाण्याकडे वळू नका, थोडं थांबून कोमट पाण्याने स्नान करा. फिन माणूस मात्र तलावात उडी घेतो.

मध्ययुगीन युरोपातही सार्वजनिक न्हाणीघरं गावोगाव होती. प्लेग आणि उपदंशाची भीती, धर्मगुरूंची नाराजी आणि महागलेलं लाकूड यांमुळे ती एकेक करून बंद पडली. फिनलंडमध्ये जंगल अफाट होतं आणि न्हाणीघर गावाचं नव्हतं, प्रत्येक घराचं होतं. म्हणून ते टिकलं. जुसेप्पे आचेर्बी हा इटालियन प्रवासी १७९९ साली तिथून गेला आणि १८०२ साली लंडनला छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने सौनाचं चित्रच दिलं. सत्तर अंशांच्या उकाड्यातून ही माणसं थेट शून्याखालच्या कडाक्यात बाहेर येतात, बर्फात लोळतात आणि त्यांना काहीच होत नाही, याचं त्याला केवढं आश्चर्य! त्या लोकांना आश्चर्य नव्हतं. त्यांचा तो शनिवार होता.

शनिवारचं फिनिश नावच ‘लाउआंताई’. जुन्या उत्तरी भाषांतून उसना आलेला हा शब्द, अर्थ ‘न्हाण्याचा वार’. आठवडाभराच्या कामाचा शीण त्या संध्याकाळी उतरायचा. वर्षाचीही अशीच बांधणी होती. जूनच्या उत्तरार्धात, सूर्य मावळायचं नाव घेत नाही अशा दिवसांत, ‘युहान्नुस’चा सण येतो. बर्चची कोवळी, चिवट पानं तेव्हा ऐन भरात असतात. त्या डहाळ्यांच्या जुड्या बांधायच्या. पश्चिमेकडे त्यांना ‘विह्ता’ म्हणतात, पूर्वेकडे ‘वास्ता’. काही त्याच दिवशी वापरायच्या, बाकीच्या सुकवून ठेवायच्या. पुढे अंधाऱ्या जानेवारीत सुकी जुडी कोमट पाण्यात भिजवली की खोलीभर उन्हाळ्याचा वास पसरतो. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारीच सौना तापवून सगळे न्हाऊन घ्यायचे, कारण त्यानंतर ती पूर्वजांसाठी मोकळी ठेवायची. गोठलेल्या तलावात बर्फ फोडून केलेल्या भोकाला ‘आवान्तो’ म्हणतात. त्यात क्षणभर बुडी मारायची नि पुन्हा उबेत यायचं, हे भर हिवाळ्यातलं.

काळ पुढे गेला तशी सौना बदलत गेली. चुलीला धुराडं आलं, त्यामुळे आत बसलेलं असतानाच जाळ चालू ठेवता येऊ लागला. कारखान्यांच्या वस्त्यांत सार्वजनिक सौना निघाल्या. ताम्पेरे शहरातली राजापोर्त्ती १९०६ पासूनची, आणि ती आजही तापते. १९३७ साली फिनिश सौना सोसायटी स्थापन झाली. १९३९ ते १९४४ च्या युद्धकाळात सैनिकांनी आघाडीवर, खंदकांच्या मागे सौना उभारल्या. उवांपासून सुटका व्हायची आणि तासाभरासाठी का होईना, माणूस घरी गेल्यासारखा व्हायचा. पुढे विजेची चूल आली आणि सौना बहुमजली इमारतीतल्या फ्लॅटमध्ये शिरली. आज साधारण ५५ लाख लोकांच्या या देशात अंदाजे ३० लाख सौना आहेत. २०२० साली युनेस्कोने या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शेजारच्या एस्टोनियातल्या व्होरोमा भागाची धुराची सौना तिथे २०१४ पासूनच आहे.

एवढ्या सगळ्या इतिहासानंतर आकडे आले. कुओपिओ शहराच्या परिसरातल्या ४२ ते ६० वयाच्या पुरुषांची १९८० च्या दशकात नोंद घेऊन एक मोठा हृदयरोग अभ्यास सुरू झाला होता. यारी लाउक्कानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या २,३१५ जणांचा सुमारे २० वर्षांचा मागोवा २०१५ साली मांडला. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून होणाऱ्या मृत्यूंचा धोका, एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी कमी दिसला. २ ते ३ वेळा घेणाऱ्यांत तो २२ टक्क्यांनी कमी होता. १९ मिनिटांहून जास्त बसणाऱ्यांत तो ११ मिनिटांपेक्षा कमी बसणाऱ्यांच्या निम्म्यावर होता. तुलनेला ‘मुळीच न घेणारे’ का नाहीत? कारण तसे पुरुष त्या भागात जवळजवळ नव्हतेच. पुढच्या अभ्यासांत उच्च रक्तदाब आणि स्मृतिभ्रंश यांचं प्रमाणही वारंवार सौना घेणाऱ्यांत कमी आढळलं.

हे कसं घडत असेल? सौनातली हवा ८० ते १०० अंशांची असली तरी बरीच कोरडी असते, म्हणून घाम उडत राहतो आणि अंग भाजत नाही. पाणी टाकलं की ओलावा क्षणभर वाढतो, वाफ कातडीवर द्रव होते आणि चटका जाणवतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके मिनिटाला १०० ते १५० पर्यंत जातात, म्हणजे भरभर चालताना व्हावेत तेवढे. एका बैठकीत सुमारे अर्धा लीटर घाम जातो. जपानमध्ये चुवा तेई यांनी हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांसाठी अवघ्या ६० अंशांची, १५ मिनिटांची आणि नंतर अर्धा तास पांघरुणात विश्रांतीची पद्धत रुजवली. तिचा आधारही हाच.

पण आकड्यांनी भुलू नये. आठवड्यातून पाच वेळा सौना घेणाऱ्याला मुळात सवड असते, सोबत असते, बहुधा तब्येतही बरी असते. अभ्यास सोबत चालणाऱ्या गोष्टी दाखवतो, कारण ठामपणे सांगत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत कळा येत असणाऱ्यांनी, महाधमनीची झडप फार अरुंद झालेल्यांनी यापासून दूरच राहावं. पिऊन तर कुणीच आत जाऊ नये. सौनातल्या अपघाती मृत्यूंमागे दारू अनेकदा असते. रोज मद्य घेणाऱ्याला स्वेदन देऊ नये, हे चरकानेही बजावलं आहे.

फिनलंडमध्येच हाइनोला गावी १९९९ पासून सौनात सर्वांत जास्त वेळ कोण बसतं याची जागतिक स्पर्धा भरे. खोली ११० अंशांवर, आणि दर अर्ध्या मिनिटाला दगडांवर पाणी. २०१० च्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला, दुसरा गंभीर भाजला. स्पर्धा कायमची थांबली. तीच उष्णता, तेच दगड, तीच वाफ. फक्त शनिवार काढून टाकला होता आणि त्याच्या जागी घड्याळ ठेवलं होतं. सौनाचं आरोग्य एका बैठकीच्या जोरात कधीच नव्हतं. ते होतं वर्षभर, आठवड्याला आठवडा जोडत जाणाऱ्या सवयीत. जूनमध्ये बांधलेली जुडी जानेवारीत भिजवायची, एवढ्या धीरात.

जुन्या घरांत आणखी एक रीत होती. सौनाचा एक राखणदार आत्मा असतो, ‘सौनातोंत्तू’. सगळे न्हाऊन झाले की शेवटचं पाणी दगडांवर त्याच्यासाठी ओतायचं आणि आपण दार लोटून बाहेर पडायचं. दगड अजून तापलेले असतात, वाफ अजून उठत असते, पण ती आपली नसते. किती बसायचं हे त्या लोकांना कोणत्या अभ्यासाने सांगितलं नव्हतं. उबेचा थोडा वाटा मागे ठेवून उठायचं, एवढं त्यांना माहीत होतं.