पोलादी टाकी आणि सूर्याचा वायू

उघड्या समुद्रात उतरलेल्या पाणबुड्याला संकटकाळी एक मार्ग बहुधा मोकळा असतो; तो म्हणजे वर येण्याचा. पाण्याने भरलेल्या गुहेत शिरलेल्या माणसाला हा मार्ग नसतो. त्याच्या डोक्यावर खडकाचे छत असते आणि ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने त्याला परतावे लागते. श्वासासाठी लागणारा वायू त्याने बाहेरूनच बरोबर नेला पाहिजे. म्हणूनच हा वायू कोणता असावा, तो कोणत्या धातूच्या टाकीत भरावा आणि ती टाकी अंगावर कोठे बांधावी, हे तीन प्रश्न त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचे ठरतात. वरवर पाहता हे प्रश्न केवळ कारागिरीचे वाटतात. परंतु त्यांची उत्तरे मिळविण्यात अनेक दशके गेली आणि काही धाडसी माणसे प्राणांस मुकली.

इंग्लंडमध्ये या विद्येचा पाया सॉमरसेट परगण्यात घातला गेला. १९३५ साली ग्रॅहम बाल्कम, जॅक शेपर्ड, पेनेलोपी पॉवेल आदी मंडळी वुकी होल या गुहेतील पाण्यात उतरली. डोक्यावर धातूचे शिरस्त्राण, पायांत शिशाचे जोडे आणि मागे काठावरच्या पंपातून येणारी हवेची नळी, असा त्यांचा सरंजाम होता. नळीची लांबी संपली की प्रवास संपला. पुढे १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून श्वासापुरती हवा देणारे यंत्र सिद्ध केले आणि नळीचे बंधन तुटले. परंतु नळीबरोबर तिच्यातून अखंड येणारी हवाही गेली. यापुढे टाकीत मावेल तेवढेच आयुष्य, असा हिशेब सुरू झाला.

त्या हिशेबातील पहिला धडा कुस्तो यांना १९४६ साली मिळाला. फ्रान्समधील व्होक्लूझच्या झऱ्याचा उगम शोधण्यासाठी ते आणि त्यांचे सहकारी द्युमा खाली उतरले असता दोघांनाही भ्रम होऊ लागला. टाक्या भरणाऱ्या यंत्राचा धूर हवेत मिसळून विषारी कार्बन मोनॉक्साइड टाकीत गेला होता. काठावर दोरी धरून उभ्या असलेल्या मोरिस फार्ग यांनी त्यांना वर ओढून वाचविले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४७ साली, हे फार्ग साधी हवा घेऊन समुद्रात सुमारे १२० मीटर खोल गेले आणि जिवंत परतले नाहीत. या वेळी टाकीतील हवेत विष नव्हते. हवेतील नेहमीचा नायट्रोजनच घातक ठरला. मोठ्या दाबाखाली नायट्रोजनची गुंगी चढते, माणूस मद्य प्याल्यासारखा निष्काळजी होतो, हे अमेरिकन नौदलातील डॉक्टर बेन्के यांनी १९३५ सालीच दाखवून दिले होते.

या गुंगीवर उपाय ठरलेला वायू प्रथम पृथ्वीवर सापडला नाही, तो सूर्यावर सापडला. आणि त्या शोधाशी मराठी मुलखाचाही संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी, तर गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमची समजली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये ग्रहणाशिवायच ती रेषा पाहिली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही असा निष्कर्ष पुढे निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून या नव्या द्रव्याला हेलियम म्हटले जाऊ लागले. लॉकियर यांनी हे ग्रहण विजयदुर्ग किल्ल्यावरून पाहिले अशी समजूत कोकणात रूढ आहे व तेथे साहेबाच्या नावाचे कट्टेही दाखविले जातात. परंतु लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. १८९५ साली रॅम्झे यांनी एका खनिजातून हा वायू वेगळा केला आणि सूर्याचे द्रव्य माणसाच्या हाती आले.

हेलियम श्वासावाटे घेतला तरी गुंगी आणीत नाही. १९३७ साली मॅक्स नोल हे हेलियमचे मिश्रण घेऊन मिशिगन सरोवरात ४२० फूट खोल गेले. १९३९ साली बुडालेली स्क्वॉलस ही अमेरिकन पाणबुडी वर काढताना नौदलाने प्रत्यक्ष कामात हाच वायू वापरला. गुहेच्या पाण्यात त्याचे सामर्थ्य जर्मनीच्या योखेन हाझेनमायर यांनी सिद्ध केले. कुस्तो जेथे मरता मरता वाचले, त्याच व्होक्लूझच्या झऱ्यात ते १९८३ साली २०५ मीटर खोल जाऊन परत आले. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम या तिन्हींच्या मिश्रणाला ट्रायमिक्स असे नाव पडले.

वायूचा प्रश्न असा सुटत असतानाच टाकी बांधण्याच्या जागेचा प्रश्न दुसरीकडे सुटत होता. १९६० च्या दशकात सॉमरसेटमधील गुहाप्रवाशांना कोरड्या, अरुंद भुयारांतून सरपटत जाऊन मगच पाणी गाठावे लागे. पाठीवरची टाकी छताला अडके. म्हणून त्यांनी लहान टाक्या कमरपट्ट्याला कुशीवर बांधण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या झऱ्यांमध्ये वुडी जॅस्पर, लॅमर हायर्स आदींनी ही रीत लांब पोहण्यासाठी सुधारली. काखेपासून नितंबापर्यंत दोन्ही बाजूंस एकेक टाकी शरीराशी समांतर राहू लागली. यालाच साइडमाउंट म्हणतात. तिचा दुसरा लाभ असा की दोन्ही टाक्या स्वतंत्र असतात, त्यांच्या तोट्या हाताशी व डोळ्यांसमोर असतात. पाणबुड्या आलटून पालटून दोन्हींतून श्वास घेतो, म्हणजे एक निकामी झाली तरी दुसरीत परतीपुरता वायू राहतो.

परतीपुरता म्हणजे किती, याचे उत्तर फ्लोरिडाच्या शेक एक्झ्ली यांनी दिले. ते व्यवसायाने गणिताचे शिक्षक होते. गुहांतील अपघाती मृत्यूंची एकेक हकिकत तपासून त्यांनी १९७९ साली आपले नियम पुस्तकरूपाने मांडले. बाहेरपर्यंत अखंड दोरी असावी, खोलीची मर्यादा पाळावी आणि वायूचा एक तृतीयांश भाग जाताना, एक तृतीयांश येताना वापरून उरलेला एक तृतीयांश संकटासाठी राखावा. हा नियम किती कठोर आहे हे एका उदाहरणाने कळेल. बारा लिटर पाणी मावेल अशा दोन टाक्या २०० बार दाबाने भरल्या तर ढोबळमानाने ४,८०० लिटर वायू होतो. मनुष्य दर मिनिटास २० लिटर वायू घेतो असे धरले, तर ६० मीटर खोलीवर दाब सातपट झाल्याने हा खर्च १४० लिटरवर जातो. म्हणजे आत जाण्यास अवघी अकरा मिनिटे मिळतात! टाकीच्या आकाराला एवढे महत्त्व का, हे यावरून स्पष्ट होईल.

आता धातूचा प्रश्न. पोलाद अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मजबूत असल्याने पोलादी टाकीची भिंत पातळ चालते. अ‍ॅल्युमिनियमची जाड करावी लागते. त्यामुळे जमिनीवर दोन्हींचे वजन जवळपास सारखे भरले तरी अ‍ॅल्युमिनियमची टाकी अधिक पाणी बाजूस सारते आणि पाण्यात हलकी होते. प्रचलित अकरा लिटरची अ‍ॅल्युमिनियम टाकी हवेने भरली असता किंचित जड असते, परंतु रिकामी होताच सुमारे दोन किलोंच्या जोराने वर उचलली जाते. तिची शेपटी वर येते आणि पाणबुड्याला तिचे बंध पुनःपुन्हा सरकवावे लागतात. योग्य निवडलेली पोलादी टाकी मात्र रिकामी झाली तरी कुशीला सरळ पडून राहते.

येथे हेलियमचा प्रभाव दिसू लागतो. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा सुमारे २.९ किलो भरते. तेथेच १८ टक्के ऑक्सिजन व ४५ टक्के हेलियम असलेले मिश्रण सुमारे १.८ किलोच भरते. दोन टाक्यांत मिळून दोन किलोंहून अधिक फरक पडतो. अशा मिश्रणाने भरलेल्या अ‍ॅल्युमिनियम टाकीचा जडपणा आरंभीच जवळजवळ संपलेला असतो, आणि तो भरून काढण्यासाठी शिसे बांधावे लागते. उलट हवेने भरली असता फार जड वाटणारी पोलादी टाकी हेलियमने योग्य वजनावर येते. शिवाय हेलियम हवेपेक्षा कमी दबतो, म्हणून त्याच दाबाला तो थोडा कमी मावतो. मोठ्या आकाराची पोलादी टाकी ही तूटही भरून काढते.

तथापि पोलाद सर्वत्र श्रेष्ठ असे समजणे धोक्याचे आहे. टाक्या फार जड निवडल्या आणि तरंगण्याची पिशवी फुटली, तर पाणबुड्या तळाशी खेचला जातो. म्हणून अंग कोरडे ठेवणारा आणि हवा भरता येणारा पोशाख असेल तेथेच जड पोलाद शहाणपणाचे. हा पोशाखही हेलियमने फुगवून चालत नाही, कारण तो वायू शरीराची ऊब हवेच्या सहापट वेगाने वाहून नेतो. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात पाणी कोमट असल्याने पोशाख पातळ असतो, म्हणून तेथे अ‍ॅल्युमिनियमचा प्रघात पडला. फ्लोरिडात पोलाद रुळले. परंतु त्याबरोबर टाकीवर ठोकलेल्या अंकापेक्षा अधिक दाब भरण्याची खोडही काही मंडळींना लागली. टाकीवर ठोकलेला अंक ही ती भरण्याची सुरक्षित मर्यादा असते. लोभाने ती ओलांडणे म्हणजे गुहेत मिळणारी चार मिनिटे काठावरच्या प्राणांच्या मोलाने विकत घेणे होय.

नियम सांगणारे एक्झ्ली यांनी १९८९ साली मेक्सिकोतील मांते झऱ्यात २६४ मीटरचा पल्ला गाठला. ६ एप्रिल १९९४ रोजी साकातोन या कुंडात याहूनही खोल जाताना मात्र त्यांचा अंत झाला. उत्तम वायू, उत्तम टाक्या आणि उत्तम गणित यांनाही एक सीमा असते, हे त्या मृत्यूने दाखविले. तरीही त्यांचे नियम आजही पाळले जातात आणि त्यांमुळे कित्येक जण सुखरूप बाहेर येतात. आज उच्छ्वासातील वायू शुद्ध करून पुन्हा श्वासास देणारी यंत्रे आल्याने महाग हेलियमची बचत होते. पण यंत्र बिघडल्यास उपयोगी पडावी म्हणून कुशीला भरलेली टाकी तेव्हाही असावीच लागते. ती कोणती घ्यावी हे पाण्याची ऊब, खोली, पोशाख आणि मिश्रण पाहून ठरते. आणि ते ठरविण्याची जागा उजेडातला कोरडा काठ हीच आहे.