स्वेच्छा, शाळा आणि गाव : कामठा परिसराच्या संदर्भात स्काउट-गाइड चळवळीपुढील आव्हानांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

स्काउट-गाइड चळवळ मूलतः स्वेच्छेवर उभी आहे. मुलाने स्वतः होऊन वचन घ्यावे आणि प्रौढाने मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आपला वेळ द्यावा, ही तिची दोन गृहीतके होत. भारतात या स्वेच्छेपुढे प्रत्येक कालखंडात निराळी अडचण उभी राहिली. गोंदिया तालुक्यातील कामठा हे जुन्या जमीनदारीचे व धानशेतीच्या पट्ट्यातील गाव आहे. अशा गावाच्या संदर्भात या अडचणींचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवेशाचा प्रश्न

इ. स. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांचे शिबिर घेतले. त्यातून या चळवळीचा आरंभ झाला. १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगलोर येथे भारतातील पहिले पथक स्थापन केले आणि १९११ मध्ये जबलपूर येथे मुलींचे पहिले गाइड पथक सुरू झाले. जबलपूर त्या काळी मध्यप्रांतात होते. कामठ्याचा मुलूखही त्याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. शिवाय गोंदिया-जबलपूर हा अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाला होता. म्हणजेच चळवळ या प्रदेशापासून भौगोलिकदृष्ट्या फार दूर नव्हती. सामाजिकदृष्ट्या मात्र ती दूर होती. प्रारंभीची पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठीच होती. भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता.

निष्ठेचा प्रश्न

या भेदभावाला भारतीयांनी स्वतंत्र संघटनांच्या द्वारे उत्तर दिले. १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रास येथे भारतीय मुलांसाठी संघटना काढली. पाठोपाठ पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांच्या प्रयत्नांतून अलाहाबाद येथे सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले असता बेझंट यांची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समिती मात्र वेगळी राहिली. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांमुळे असंतोष पसरला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना अस्तित्वात आली.

मूळ संघटनेच्या वचनात राजनिष्ठेचा समावेश होता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. असहकाराच्या युगात पथक चालवू इच्छिणाऱ्या भारतीय शिक्षकाला केवळ वेळ देऊन भागत नव्हते. आपली सेवा कोणाच्या नावाने रुजू होते, याचाही निर्णय त्याला करावा लागे.

एकीकरण आणि मध्यप्रांत

स्वातंत्र्यानंतर हा पेच सुटला. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संयुक्त संघटना स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड शाखा तीत सामील झाली. एकीकरणासाठी झटणाऱ्यांत नागपूरशी संबंधित दोन व्यक्ती होत्या. मंगलदास पक्वासा हे त्या काळी या प्रांताचे राज्यपाल होते, तर न्यायमूर्ती विवियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

पुढे या प्रदेशाची प्रशासकीय घडी वारंवार बदलली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, तर चळवळीचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र असलेली पचमढी मध्यप्रदेशात राहिली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. स्वयंसेवेचे काम ओळखीपाळखीवर व सातत्यावर चालते. त्यामुळे अशा प्रत्येक बदलानंतर संबंधांची वीण नव्याने घालणे क्रमप्राप्त होते.

शाळेचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर काळात चळवळ प्रामुख्याने शाळेच्या आधाराने वाढली. शाळेमुळे तिला मैदान मिळाले, विद्यार्थी मिळाले आणि गणवेशाला प्रतिष्ठा मिळाली. 'खरी कमाई'सारख्या उपक्रमामुळे श्रमाचे मोल मुलांपर्यंत पोहोचले. परंतु याच आधाराने स्वेच्छेचा अर्थही बदलला. स्काउटमास्तर हा स्वतः पुढे आलेला नागरिक न राहता मुख्याध्यापकांनी नेमलेला शिक्षक झाला. त्याची बदली झाली की पथक पोरके होते. १९४८ नंतर राष्ट्रीय छात्रसेना व १९६९ नंतर महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना आली. युवकांचा मोकळा वेळ आणि उत्साही शिक्षक या दोहोंवर आता अनेक उपक्रमांचा हक्क आहे.

धानपट्ट्यातील गावात आणखी काही अडचणी संभवतात. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतावर लागतो. शिबिराचे वेळापत्रक मात्र शाळेच्या सोयीने ठरते. गणवेश, प्रवास व शिबिरशुल्क यांचा भार मजूर कुटुंबाला सहज पेलत नाही. मुलींना मुक्कामी शिबिरास पाठविण्यास पालक कचरतात आणि प्रशिक्षित स्त्री-मार्गदर्शक नसल्यास हा संकोच अधिकच वाढतो. पूर्वी वंशभेदाने बंद असलेले दार आता नियमाने सर्वांना खुले आहे. उंबरठ्याची उंची मात्र सर्वांना सारखी नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वसाहतकाळात प्रवेश व निष्ठा हे स्वयंसेवेपुढील प्रश्न होते, तर आज वेळ, खर्च आणि सातत्य हे प्रश्न आहेत. नेमणुकीने पथकाची नोंद होते, पण पथक जगत नाही. माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि गावातील सुशिक्षित स्त्रिया यांना प्रशिक्षण देऊन पथकाची जबाबदारी सोपविल्यास ते एका शिक्षकाच्या बदलीवर अवलंबून राहणार नाही. शिबिराचे दिवस धानाच्या हंगामाशी जुळवून घेणे हा बिनखर्चाचा उपाय होय. या कामी महाविद्यालयांचे उत्तरदायित्व मोठे आहे. रोव्हर व रेंजर शाखांतील युवक-युवतींनी परिसरातील शाळांच्या पथकांना नियमित साहाय्य केले, तर गाव आणि महाविद्यालय यांतील अंतर कमी होईल. ज्या चळवळीत प्रवेश मिळावा म्हणून भारतीयांना स्वतंत्र संघटना उभारावी लागली, ती केवळ माणसांअभावी ओस पडू देणे हे त्या इतिहासाशी सुसंगत ठरणार नाही.