परतीचा पुरावा

भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमागवाल्याने ‘इटमा’ला जायचं ठरवलं, की त्याची फाईल जाड होऊ लागते. ‘इटमा’ म्हणजे दर चार वर्षांनी युरोपात भरणारं वस्त्रयंत्रांचं प्रदर्शन. 2023 साली ते मिलानला भरलं होतं. पासपोर्ट, भरलेला अर्ज, 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो आणि 30,000 युरोंच्या विम्याची पॉलिसी, एवढ्याने फाईल फारशी फुगत नाही. ती फुगते पुढच्या कागदांनी. बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट, मागच्या वर्षांचे आयटीआर, जीएसटीची नोंदणी, गुमास्ता परवाना, टोरंट पॉवरचं बिल, गाळ्याचे कागद, लग्नाचा दाखला, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड आणि परतीच्या विमानाचं आरक्षण. वीजबिलाचा आणि मिलानचा तसा संबंध काय? पण हे सगळे कागद मिळून एकच गोष्ट सांगत असतात: हा माणूस पंधरा दिवसांनी भिवंडीला परत येणार आहे.

प्रवाशाकडे जाण्याआधीच परतण्याचा पुरावा मागायचा, ही रीत विमानतळांवर सुरू झाली असा आपला समज असतो. तिचं कूळ जुनं आहे, आणि त्याची एक ठळक शाखा आपल्याच मुंबई बंदरात सापडते.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. ये-जा करू द्यायची, पण राहू द्यायचं नाही, ही राज्यकर्त्यांची इच्छा काही इंग्रजांनी शोधलेली नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या किनाऱ्यावरच्या जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत. मक्केला निघालेल्या मुघल जहाजांनाही तो घ्यावा लागे आणि त्याची सल मोठी होती. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली, तेव्हा समुद्रावरच्या या परक्या हुकुमाला आव्हान मिळू लागलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचं दस्तक, म्हणजे परवाना, चालवलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर या धोरणाची स्वच्छ मांडणी आहे. टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना येऊ-जाऊ द्यावं, पण किनाऱ्यालगत ठाणं करू देऊ नये. जागा द्यायचीच वेळ आली तर समुद्रापासून दूर, आत द्यावी. 1715-16च्या सुमाराचा हा मजकूर वाचताना पर्यटक व्हिसाच्या अटी आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक एवढाच की तेव्हा अट जहाजाला आणि वखारीला होती. एकट्यादुकट्या माणसाच्या खिशाची चौकशी होत नव्हती.

1883 मध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या. त्यांना व्हिसा काढावा लागला नाही, कारण हिंदुस्थानातून येणाऱ्यांना अमेरिकेने तो तोवर लावलेला नव्हता. अडचण होती ती घरच्यांची, गावाची आणि धर्माची.

मग खिशाची चौकशी सुरू झाली कुणापासून? गरीब यात्रेकरूंपासून. डचांनी 1859 मध्ये जावा-सुमात्राच्या हाजींसाठी नियम केला की निघण्याआधी जाण्यायेण्यापुरते पैसे दाखवा आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाची सोय केली आहे हेही दाखवा. आजच्या फाईलमधलं बँक स्टेटमेंट आणि कुटुंबाचे कागद यांचा हा सरळ पूर्वज. मुंबईहून जाणाऱ्यांवर मात्र इंग्रजांनी असा नियम लगेच केला नाही. 1858च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं होतं, आणि गरिबाला हजला जाऊ न देणं ही ढवळाढवळच ठरली असती. तरी प्रश्न समोर होताच. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून माणसं मुंबईला येत, आयुष्याची पुंजी एकेरी तिकिटात घालत, आणि हज झाल्यावर जिद्दाच्या धक्क्यावर अडकून पडत. त्यांना परत आणायचं कुणी आणि कुणाच्या पैशाने, यावर जिद्दाचा ब्रिटिश वकील आणि हिंदुस्थान सरकार यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालू राहिला. 1886 मध्ये सरकारने हज प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली. 1893 पर्यंत तो प्रयोग आटोपला. कॉलऱ्याच्या भीतीने 1894 मध्ये पॅरिसला परिषद भरली. तिथे इतर देशांनी यात्रेकरूंची ऐपत तपासायचा आग्रह धरला, तरी इंग्रज तयार झाले नाहीत.

शेवटी 1925 मध्ये कायदा बदलला. मुंबईहून निघणाऱ्या हाजीने परतीचं तिकीट काढायचं, नाहीतर परतीच्या भाड्याएवढी अनामत सरकारकडे ठेवायची. माझ्या मते आपल्याकडच्या व्हिसाच्या कुळकथेतली ही सर्वांत मोठी घटना आहे आणि तिची आठवण कुणी ठेवलेली नाही. भिवंडीसारख्या गावाने तर ठेवायला हवी. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आणि उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर यांच्या या गावातून हजला जाणाऱ्याला मुंबई बंदराशिवाय दुसरा दरवाजा नव्हता. मुंबईहून जाणारी हजची जहाजं 1995 मध्ये थांबली. हाजींसाठी नेहमीच्या पासपोर्टऐवजी वेगळं यात्रेकरू पुस्तक असायचं, ते त्यानंतरही चालत राहिलं. 2009 पासून सौदी सरकारने आंतरराष्ट्रीय पासपोर्टच मागायला सुरुवात केली.

हाजींच्या अनामतीआधीच पहिल्या महायुद्धाने कागदांची तपासणी सगळ्या जगाला लावली होती. हिंदुस्थानात 1917 मध्ये संरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम आले आणि 1920 मध्ये देशात येण्यासाठी पासपोर्टचा वेगळा कायदा झाला. तो 2025 मध्ये रद्द होईपर्यंत जगला. 1920 मध्येच राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने 32 पानी पुस्तिकेचा नमुना ठरवला. अमेरिकेने 1924 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आला आहे असं आधी धरायचं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. त्याच कायद्याने भारतीयांना कायम स्थायिक होण्याचं दार बंदच ठेवलं आणि पाहुणा, विद्यार्थी, व्यापारी अशा मोजक्या खिडक्या उघड्या ठेवल्या. ते बंद दार पुढे उघडलं, पण संशयाचं ते गृहीतक 1952च्या अमेरिकी कायद्यात कलम 214(ब) म्हणून उतरलं. आजही पर्यटक व्हिसाला नकार मिळतो तेव्हा बहुतेकांच्या हातात याच कलमाची चिठ्ठी पडते.

1952चंच दुसरं एक प्रकरण घरच्या उंबऱ्यावरचं आहे. 15 ऑक्टोबर 1952 पासून भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. तोवर पश्चिम पाकिस्तानशी ये-जा करायला 1948पासूनची परमिटं होती. नवा व्हिसा साऱ्या देशाचा नव्हता, ठरावीक गावांचा होता. तिथे पोचल्यावर पोलिसांत नोंद करायची आणि निघतानाही करायची. ज्या घरांतला एक भाऊ कराचीला गेला आणि दुसरा इथेच राहिला, त्यांच्याकडे लग्न, मयत, आजारपण यांच्या तारखा या कागदावर ठरू लागल्या. सख्ख्या बहिणीच्या घरी मुक्कामाला जायला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागणं, याची बोच तिखट-मीठ लावून सांगायची गरज नाही.

ब्रिटनचा दरवाजा बराच काळ सैल होता. थोड्या दिवसांच्या भेटीला निघालेला भारतीय थेट विमानात बसे आणि निर्णय हीथ्रोवरचा अधिकारी देई. ऑक्टोबर 1986 मध्ये तेही संपलं. व्हिसा घेऊनच या, असा नियम झाला. त्यामुळे निर्णय लंडनच्या काउंटरवरून मुंबईच्या वकिलातीत आला आणि रांगही इकडे आली.

या रांगांची मुंबईला चांगली ओळख आहे. अमेरिकी वकिलात 2011 पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती, म्हणजे वांकानेर संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात. तिच्या बाहेर भुलाभाई देसाई मार्गाच्या फुटपाथवर माणसं फायली छातीशी धरून उन्हापावसात उभी असत. पर्यटन व्यवसायातले झुबिन करकरिया यांनी 2001 मध्ये यावर तोड काढली: अर्ज घेणं, कागद तपासणं, पासपोर्ट परत देणं ही कामं वकिलातीबाहेरच्या कंपनीने करावीत आणि वकिलातीने फक्त निर्णय द्यावा. या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या व्हीएफएस ग्लोबल कंपनीची पहिली सेवा याच मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीसाठी होती. आज शंभराहून जास्त देशांतले अर्जदार अशाच केंद्रांत टोकन घेऊन बसतात. व्हिसा अर्ज केंद्र ही मुंबईने जगाला दिलेली गोष्ट आहे आणि ती फुटपाथच्या रांगेतून जन्मली.

सावली, खुर्ची आणि पाणी मिळालं, हे खरंच मोठं काम झालं. पण ज्या माणसाशी बोलता येतं त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो फक्त कागद पाहतो. युरोपच्या व्हिसासाठी 2015च्या अखेरीपासून बोटांचे ठसेही द्यावे लागतात, त्यामुळे एजंटाच्या हाती फाईल पाठवून भागत नाही. अंजूरफाट्याहून कशेळीचा पूल ओलांडून मुंबईला स्वतःला जावं लागतं.

एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. जाऊन परत आलेला माणूस हाच परतीचा सर्वांत भक्कम पुरावा, हे तत्त्व मला पूर्ण पटतं. अडतो तो पहिल्यांदा निघालेला. भिवंडीत असे पुष्कळ आहेत. सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, मजुरी मीटरमागे, गाळा भाड्याचा किंवा वडिलांच्या नावावर, हिशोब वहीत, विश्वास शब्दावर. चोवीस माग चालवून तीन पिढ्या एकाच गल्लीत राहिलेल्या माणसाइतका घट्ट रुजलेला माणूस दुसरा कोण असेल? पण हे रुजणं बँक स्टेटमेंटमध्ये उमटत नाही, आणि तपासणाऱ्याने ते वाचायला शिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. 1925च्या अनामतीतून निदान त्या हाजीचंच परतीचं भाडं भागत असे. युरोपच्या व्हिसाचं 90 युरोंचं शुल्क नकार आला तरी परत मिळत नाही, आणि पुन्हा अर्ज करायचा तर तेवढंच पुन्हा भरावं लागतं.